व्हिडिओ स्वस्त असू द्या, गाणारा फुकट का?

एप्रिल जवळ आला की यूट्यूबवर नव्या भीमगीतांच्या व्हिडिओंची रांग लागते. पोराने स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं, स्वतः गायलेलं गाणं. चित्रीकरण मित्राच्या मोबाईलवर नाहीतर उसन्या कॅमेऱ्यावर. मागे बुद्धविहाराची भिंत, वस्तीतली गल्ली किंवा कुणाच्या तरी घराची गच्ची. एडिटिंग रात्री जागून, तेही मोबाईलवरच.

या व्हिडिओंना दोन प्रकारची दाद मिळते. पहिली बाहेरून येते : "भावना चांगली आहे, पण क्वालिटी नाही." दुसरी आपल्यातून येते : "पोरांनी एक रुपया न घेता केलंय, याला म्हणतात चळवळ!" पहिली ऐकून आपल्याला राग येतो. दुसरी ऐकून छाती फुगते. माझं म्हणणं असं आहे की आपलं जास्त नुकसान दुसरीने केलंय. कारण कमी खर्चात गाणं करणं ही आपली ताकद आहे, आणि माणसाला फुकट राबवणं हे शोषण आहे. या दोन गोष्टी आपण एकच समजून बसलो आहोत.

आधी "क्वालिटी"चा हिशोब

ज्यांना आपल्या व्हिडिओत क्वालिटी दिसत नाही त्यांनी जरा इतिहास बघावा. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव फिरले. त्यांच्याकडे कुठलं थिएटर होतं? कुठली नाटक कंपनी होती? गावकुसाबाहेरची मोकळी जागा, एक ढोलकी, तुणतुणं, झांज आणि उजेडाला कंदील. सत्यशोधकांनी आधीच तमाशाचा साचा घेऊन त्यातला आशय पालटला होता. आंबेडकरी जलशाने त्याच वाटेने मेलेलं ढोर ओढू नका, मुलांना शाळेत घाला, संघटित व्हा, हे सगळं हसवत, गात, चिमटे काढत सांगितलं. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत बाबासाहेबांचा विचार जलशाने नेला.

नंतर गाण्यांच्या छोट्या पुस्तिका आल्या. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर आजही त्या चटईवर मांडून विकल्या जातात. १९८०च्या दशकात कॅसेट आली आणि घराघरात भीमगीत वाजू लागलं. आता मोबाईल आला. प्रत्येक वेळी एकच घडलं. साधन स्वस्त झालं की आपला आवाज वाढला, कारण महागडं साधन ज्यांच्या हातात होतं त्यांनी आपल्याला तिथे कधी उभंच केलं नव्हतं. आकाशवाणीवर, दूरदर्शनवर, सिनेमात आपलं गाणं किती वाजलं, हे वेगळं सांगायला नको.

कडुबाई खरात यांचंच घ्या. हातात एकतारी, अंगावर साधं लुगडं, गळ्यात भीमाचं गाणं. औरंगाबादची ही बाई महाराष्ट्रभर पोचली ती कुठल्या म्युझिक कंपनीच्या कृपेने? कुणीतरी मोबाईलवर टिपलेल्या चित्रफितींनी त्यांना घराघरात नेलं. त्यात ना दिवे होते, ना मेकअप, ना दुसरा कॅमेरा. तरीही डोळ्यांत पाणी आलंच ना? मग क्वालिटी म्हणजे नेमकं काय?

आणि सत्तेला तर या स्वस्त व्हिडिओंची क्वालिटी फार लवकर कळते. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन रॅपर पोरांवर महाराष्ट्रात पोलिसांनी गुन्हे दाखल केले. एकाने फोडाफोडीच्या राजकारणावर रॅप केला होता, दुसऱ्याने जनतेच्या लुबाडणुकीवर. कोट्यवधींच्या सिनेमातल्या गाण्याला सरकार घाबरत नाही. फुटकळ खर्चाच्या दोन-तीन मिनिटांच्या रॅपला घाबरतं. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक काय हवं?

आरेच्या जंगलासाठीही असंच झालं. २०१९ मध्ये स्वदेशी या मुंबईच्या हिप-हॉप गटाने आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं केलं. ज्याचं जंगल, त्याचाच आवाज. असं गाणं स्टुडिओतल्या पडद्यापुढे भाड्याचे नर्तक नाचवून होत नाही.

तेव्हा क्वालिटीचा मुद्दा इथेच संपला. कमी बजेटबद्दल कुणाची माफी मागायची गरज नाही.

फुकट वाजवण्याचा इतिहास आपल्याला माहीत आहे

आता आपल्या घरातल्या प्रश्नाकडे येऊ.

गावगाड्यात हलगी कोण वाजवत होतं? डफडं, सनई कुणाच्या वाट्याला होती? पाटलाच्या पोराच्या लग्नात, देवाच्या जत्रेत, पोळ्याच्या मिरवणुकीत दिवसभर वाजवायचं आणि संध्याकाळी उरलंसुरलं पदरात घ्यायचं. त्याला मजुरी म्हणत नव्हते, "हक्क" म्हणत होते. वाजवायला नकार दिला तर बहिष्कार. महार वतनाच्या नावाखाली चालणारी ही वेठबिगार मोडून काढण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. ज्या कामाचा मोबदला ठरलेला नाही, जे नाकारता येत नाही आणि ज्याला वर "मान" म्हणायचं, ते काम म्हणजे गुलामी, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलं.

आता आपल्या जयंती मंडळाची बैठक आठवा. डीजेवाल्याची सुपारी ठरते. कित्येक मंडळांत ती लाखात जाते. मंडपवाल्याला ॲडव्हान्स, लायटिंगवाल्याला ॲडव्हान्स, बॅनरवाल्याला रोख. आणि मग कुणीतरी म्हणतं, "यंदा आपल्या वस्तीचं गाणं पाहिजे. तो अमका पोरगा लिहितो ना, त्याला सांगा. घरचाच आहे." या "घरचाच आहे"चा अर्थ काय? त्याला पैसे द्यायचे नाहीत, एवढाच. डीजेवाला परका म्हणून त्याचे पैसे बुडवता येत नाहीत. शाहीर आपला म्हणून त्याला बुडवायचं.

गाणं लिहिणारा रात्रपाळीहून येऊन लिहितो. कॅमेरावाला रविवारची लग्नाची ऑर्डर सोडून येतो. नाचणाऱ्या पोरी घरी खोटं बोलून येतात आणि व्हिडिओखाली त्यांचं नावसुद्धा नसतं. कोरसमधल्या बायांचा आवाज असतो, पण नाव नसतं. दिवसभर, रात्रभर चित्रीकरण चालतं आणि मोबदला म्हणून वडापाव. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खातं सांभाळताना कामगाराच्या आठ तासांसाठी झटलेल्या माणसाच्या नावाने हे चालतं! गाणं बाबासाहेबांचं आणि कामाची पद्धत पाटलाच्या वाड्यातली. हे आपल्याला खटकत नाही, हेच मला खटकतं.

नाव गेलं की गाणं गेलं

पैसा हा एक भाग. दुसरा भाग मालकीचा आहे आणि तो जास्त गंभीर आहे.

मार्च २०२१ मध्ये तमिळमध्ये 'एन्जॉय एन्जामी' हे गाणं आलं. धी आणि अरिवू यांनी गायलेलं, संतोष नारायणन यांच्या संगीताचं. त्याचे शब्द अरिवूचे. अरिवू हा चेन्नईच्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'मधून पुढे आलेला आंबेडकरी रॅपर. श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेल्या आपल्या आजीची, भूमिहीनांच्या पिढ्यांची कहाणी त्याने त्या गाण्यात आणली. गाणं जगभर गेलं, कोट्यवधी लोकांनी पाहिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर गायिका धी होती, दुसरा एक कलावंत होता, पण अरिवू नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीरपणे प्रश्न विचारला, गदारोळ झाला, मग अरिवूचं वेगळं मुखपृष्ठ निघालं. पुढच्या वर्षी चेन्नईत बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात हे गाणं सादर झालं, तेव्हाही मंचावर अरिवू नव्हता. श्रेयावरून वाद पेटला. इतरांनीही आपापली बाजू मांडली. आणि २०२४ मध्ये खुद्द संगीतकारानेच सांगितलं की या गाण्यातून आपल्याला एक पैसाही मिळालेला नाही. कंपनीने आपली बाजू वेगळी मांडली.

कोण किती बरोबर, याचा निवाडा मी करत नाही. मला एवढंच दिसतं : ज्याच्या आजीची कहाणी होती, त्यालाच आपलं नाव सिद्ध करत बसावं लागलं. कोट्यवधी लोकांनी पाहिलेल्या गाण्यात हे होतं, तर तुमच्या-माझ्या वस्तीतल्या वीस हजार लोकांनी पाहिलेल्या गाण्यात काय होत असेल?

काय होतं ते आपण रोज बघतो. गाणं एकाचं आणि चॅनेल दुसऱ्याचं. कुणीतरी "लेबल" येतं, पाच-दहा हजार हातावर ठेवतं आणि एका कागदावर सही घेतं. त्या कागदावर "सर्व हक्क कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी" असं लिहिलेलं असतं. पोरगा वाचतही नाही. पुढे स्वतःचंच गाणं स्वतःच्या चॅनेलवर टाकलं की त्याच्यावरच कॉपीराइटचा दावा येतो. कडुबाईंची गाणी आज कितीतरी चॅनेलांवर आहेत. त्यांतल्या किती चॅनेलवाल्यांनी त्यांना विचारलं असेल, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

वामनदादा कर्डकांची गाणी आजही मंडपामंडपात वाजतात. निवेदक गायकाचं नाव घेतो, वाद्यवृंदाचं घेतो, प्रायोजक नगरसेवकाचं तर तीनदा घेतो. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या त्या कवीचं नाव किती वेळा घेतो? ज्या समाजाचा इतिहासच पुसला गेला, त्याने आपल्याच कवीचं नाव पुसावं, याला काय म्हणायचं?

कायदा आपल्या बाजूने आहे, आपणच तो वाचत नाही

कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. गाणं लिहून झालं की हक्क लिहिणाऱ्याचा होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सही करूनच देता येतो, तोंडी नाही. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो हक्क फक्त भारतापुरता असतो. २०१२च्या दुरुस्तीने तर गीतकार आणि संगीतकारांना मोठं हत्यार दिलं. गाण्याच्या व्यावसायिक वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला त्यांचा समान वाटा त्यांना कंपनीच्या नावावर सोडूनही देता येत नाही. म्हणजे "मी रॉयल्टी सोडतो" अशी सही घेतली तरी ती कायद्यापुढे टिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या उक्त्या पैशांवर गाणी विकत घेऊन गब्बर झालेल्या कंपन्यांना हा चाप होता.

आता यूट्यूबचं गणित. जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा तर चॅनेलला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचं पाहणं लागतं. (शॉर्ट्ससाठी वेगळा, ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूजचा मार्ग आहे.) चार मिनिटांचं गाणं धरा. ते ६०,००० वेळा शेवटपर्यंत पाहिलं गेलं तर ४,००० तास होतात. एकट्या पोराला हे डोंगराएवढं वाटतं. पण एका जिल्ह्यातल्या दहा शाहिरांनी मिळून एक चॅनेल चालवलं तर? दहा चॅनेल उपाशी ठेवण्यापेक्षा एक पोटभर चालवणं शहाणपणाचं नाही का? मात्र त्या एका चॅनेलची मालकी आणि हिशोब दहाही जणांचा असला पाहिजे, नाहीतर तिथेही नवा पाटील तयार होईल.

आणखी एक. इंटरनेटवरून "फ्री" म्हणून उचललेली बीट बहुतेक वेळा फक्त बिनकमाईच्या वापरासाठी फ्री असते. गाणं चाललं की बीटवाला दावा ठोकतो. वस्तीत ढोलकीवाला आहे, हलगीवाला आहे, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा आहे. त्याला पैसे देऊन वाजवून घ्या. तो आवाज दुसऱ्या कुणाकडे नाही आणि त्यावर दावाही कुणी करणार नाही.

पैसा नाही असं म्हणू नका

"आमच्याकडे बजेटच नाही, पैसे देणार कुठून?" हा नेहमीचा प्रश्न. अनेक व्हिडिओ बघा आणि पैसा कुठे गेला ते शोधा. भाड्याची पांढरी गाडी, भाड्याच्या चार बुलेट, धूर सोडणारं मशीन, गॉगल, ड्रोनचे दोन शॉट. म्हणजे पैसा होता. तो दुसऱ्यांच्या श्रीमंत व्हिडिओची गरीब नक्कल करण्यात गेला. ज्याने शब्द लिहिले त्याच्यासाठी उरला नाही, आणि ज्या माइकवर आवाज रेकॉर्ड झाला तो इतका भिकार की शब्द कळत नाहीत. गाण्यात शब्दच कळले नाहीत तर ते भीमगीत कसलं? जलशाचा सगळा जीव शब्दात होता.

कमी बजेट म्हणजे निवड. गाडी काढून टाका, ड्रोन काढून टाका. एकाच जागी, एकाच दिवशी, दिवसाच्या उजेडात चित्रीकरण करा. वाचलेले पैसे आधी गीतकाराला, मग आवाजाच्या रेकॉर्डिंगला, मग कॅमेऱ्याला, मग कोरसला आणि नाचणाऱ्यांना. रक्कम छोटी असेल, पण ठरलेली असू द्या आणि हातात पडू द्या.

"चळवळ पैशासाठी नसते"

हा आक्षेप येणारच. त्याला सरळ उत्तर देतो.

चळवळ पैशासाठी नसते हे खरं. म्हणून चळवळीत फक्त कलावंतानेच फुकट राबावं, हे त्यातून कसं निघतं? मंडपवाला चळवळीचा नाही का? आणि ज्याच्या घरी दुसरी मिळकत आहे त्यालाच फुकट राबणं परवडतं. बाकीचे दोन-तीन वर्षं गातात आणि लग्न झालं, घरभाडं वाढलं की गाणं सोडून डिलिव्हरीच्या कामाला लागतात. आपल्या किती शाहिरांची गाणी अशी पंचविशीत संपली असतील? फुकटच्या कौतुकाने चळवळ वाढली नाही, तिची माणसं गळाली.

१९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू सांगितले. पहिल्या शत्रूविरुद्धचं गाणं गाताना दुसऱ्या शत्रूची रीत वापरायची, हे चालणार नाही.

आणि जोखमीचा हिशोबही मांडा. गाणं गाजलं की ते समाजाचं होतं. पोलीस आले की ते त्या एकट्या पोराचं होतं. कबीर कला मंचाचे सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली आणि खटला निकाली न निघता ते वर्षानुवर्षं तुरुंगात राहिले. अशा वेळी वकिलाची फी, तारखेचं गाडीभाडं, घरचं रेशन कुणी बघायचं? ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा जीव गेले, आणि चार दिवसांनी विलास घोगरे यांनी आपलं आयुष्य संपवलं. मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारा तो शाहीर होता. त्यांच्या नावाने कार्यक्रम घेणाऱ्या प्रत्येकाने आज हयात असलेल्या एका शाहिराच्या घरी जाऊन चूल कशी चालते ते विचारावं. अभिवादन त्यानंतर करावं.

मग काय करायचं?

१. गाण्याचं काम सुरू होण्याआधी एका पानाचा कागद करा. शब्द कुणाचे, चाल कुणाची, आवाज कुणाचा, चॅनेल कुणाचं, पैसे आले तर कुणाला किती. सगळ्यांच्या सह्या आणि सगळ्यांकडे प्रत. भाऊ असो, मित्र असो, कागद करा. बाबासाहेबांचा अनुयायी लिखापढीला लाजत नाही.

२. व्हिडिओत आणि खालच्या माहितीत सगळ्यांची नावं द्या. पहिलं नाव गीतकाराचं. कोरसच्या बाया आणि नाचणाऱ्या पोरींची नावं त्यांना विचारून द्या. दुसऱ्याचं गाणं गायलात तर मूळ कवीचं नाव गाण्याआधी तोंडाने घ्या.

३. जयंती मंडळांनी वर्गणीतला दहावा हिस्सा गाण्यासाठी बाजूला काढावा. डीजे एक तास कमी वाजला तर काही बिघडत नाही. वस्तीतल्या कवीचं एक गाणं नीट रेकॉर्ड झालं तर ते पुढच्या पिढीपर्यंत जाईल.

४. आपल्यातले वकील, सीए, नोकरदार यांनी शाहिरांसाठी वेळ द्यावा. करार वाचून देणं, दाव्याला उत्तर लिहून देणं, पोलीस ठाण्यात सोबत उभं राहणं. चेन्नईत पा. रंजित यांनी सिनेमात कमावलेलं बळ 'नीलम'च्या माध्यमातून 'कास्टलेस कलेक्टिव्ह'मागे उभं केलं. महाराष्ट्रात आपली माणसं मोठ्या पदांवर, मोठ्या पगारांवर आहेत. त्यांनी १४ एप्रिलला फक्त स्टेटस ठेवून भागणार नाही.

५. मूळ रेकॉर्डिंग आणि चित्रीकरण दोन ठिकाणी जपून ठेवा. चॅनेल बंद पडतं, मोबाईल हरवतो. जलशांचे आवाज आपल्याकडे उरले नाहीत, कारण तेव्हा साधन नव्हतं. आज साधन आहे, तेव्हा आज हरवलं तर दोष आपला.

बाहेरचे म्हणतील क्वालिटी नाही. म्हणू द्या. पण पुढच्या एप्रिलमध्ये तुमच्या वस्तीचं गाणं येईल, तेव्हा "पोरांनी एक रुपया न घेता केलं" असं अभिमानाने लिहू नका. "इतक्या कमी खर्चात केलं आणि प्रत्येकाला त्याचे पैसे दिले" असं लिहा. तसं लिहिता आलं तर ते गाणं बाबासाहेबांचं.

जय भीम!